सात नंबरची बाटली

"बोटभर दुखतं की वीतभर?"

मी रेक्टर आहे त्या मुलींच्या वसतिगृहातली एखादी मुलगी सकाळी पळून आल्यावर जिन्यात नडगी चोळत बसलेली दिसली, की हा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघतो. मुली गोंधळतात. मग मी दाखवते. एका बोटाखाली झाकेल एवढंच दुखत असेल तर बोटभर, आणि हाडाच्या कडेनं तळहात फिरवावा लागत असेल तर वीतभर. वीतभरवालीला मी बर्फ लावायला आणि काही दिवस दम धरायला सांगते. बोटभरवालीला त्याच दिवशी रिक्षात घालून अवसरीहून मंचरला हाडांच्या डॉक्टरकडे पाठवते, मग तिचा पेपर असो नाहीतर प्रोजेक्ट. माझ्या मागं मुली मला 'वीतभर मॅडम' म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापड्या. प्रश्न माझा नाहीच. तो ज्यांचा आहे ते बेल्ह्याचे डॉक्टर, आणि त्यांच्याविषयी लिहायला बसले की अजूनही मी पदर सारखा करून बसते.

ते होमिओपॅथीचे डॉक्टर. बेल्ह्याला बैलबाजार भरतो त्या मैदानाला लागून त्यांची एक खोली होती आणि दारावर नुसतं 'दवाखाना' एवढंच लिहिलेलं. नाव नाही, डिग्री नाही. डिग्री होती, पण ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. कपाट उघडलं की दिसायची, म्हणजे फक्त त्यांनाच दिसायची. "ती माझ्यासाठी हाय," म्हणायचे. "तुमाला तिचा काय उपेग?"

साठी उलटलेली, उंची ताडमाड, अंगावर मांस नावाला, आणि पायात कधीच काही नाही. उन्हाळ्यात मैदानातली माती तव्यासारखी तापायची, तरी हा माणूस अनवाणी. 'पाय तपासणाऱ्यानं सोताचे पाय झाकून कसं चालंल?' हा त्यांचा सवाल. एकदा अ‍ॅकॅडमीतल्या पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका आगाऊ मुलानं विचारलं, "मग डोळ्यांचे डॉक्टर चष्मा लावतात त्यांचं काय?" दोन दिवसांनी डॉक्टरांनी त्या मुलाला निरोप धाडला, की तुमचा मुद्दा बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही, पण चप्पल घालणार नाही. दोन दिवस ते खरोखर विचार करत होते. कुणाचीही गोष्ट ते अशी मनावर घेत.

आता पळणाऱ्या पोरांचा नि त्यांचा संबंध कसा आला ते सांगते. मी बेल्ह्याचीच. आमच्याकडे घरटी एक तरी पोर पोलीस भरतीच्या मागं लागलेलं असतं. कुठल्यातरी अ‍ॅकॅडमीचा टी-शर्ट, बाजारातून घेतलेले बूट, आणि पहाटे हायवेच्या कडेनं पळणारी रांग. मैदानं असतात, नाही असं नाही. पण मातीत पाय जड पडतो. डांबरावर झपाझप उचलतो आणि घड्याळात सेकंद कमी दिसतात, म्हणून सगळी डांबरावर. दोन महिन्यांत नडग्या धरतात. गुडघ्याखाली, पुढच्या हाडाच्या कडेला ठणका लागतो. मग बाम, मग मेडिकलमधली दुखण्याची गोळी, मग घरच्यांची बोलणी, आणि हे सगळं करून झालं की डॉक्टर.

डॉक्टरांचा पहिला वैरी बाम. त्यांच्या शास्त्राप्रमाणे कापराच्या वासापुढं त्यांच्या औषधाचा निभाव लागत नाही, आणि पोरं तर बामात लोळून यायची. डॉक्टर खुर्चीतूनच ओळखत. "भाऊ, आधी हौदावर जाऊन या." मैदानात गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. तिथं डॉक्टरांनी स्वतःच्या खर्चानं एक तांब्या आणि साबणाची वडी ठेवली होती. बाजाराच्या दिवशी हौदाच्या एका अंगाला बैल पाणी पितायत आणि दुसऱ्या अंगाला ओळीनं बसून भावी पोलीस नडग्या घासतायत, हे मी किती वेळा पाहिलंय! व्यापारी चेष्टा करायचे, "डॉक्टर, ह्यो माल कितीला?" डॉक्टर खिडकीतून ओरडायचे, "ह्यो इकायचा न्हाई. सरकारी हाय."

दुसरा वैरी कच्चा कांदा. औषध चालू आहे तोवर कांदा नाही, हा त्यांचा नियम, आणि आमचा सगळा मुलूख कांद्याचा. एक शेतकरी काकुळतीला येऊन म्हणाला, "डॉक्टर, खायचा न्हाई ते समजलं. पर मी राखणीला वखारीतच झोपतो. वासाचं काय करू?" डॉक्टरांनी त्याला औषध दिलं नाही. म्हणाले, "आधी कांदा इका, मंग या." तो हसत हसत गेला, पण डॉक्टरांनी थट्टा केलेली नव्हती.

दुखण्याला ते दुखणं म्हणत नसत, पावणा म्हणत. खुर्चीवर बसवलं की मांडीवर लांबडी वही उघडायची आणि चौकशी सुरू.

"पावणा कवा आला?"

"दोन महिनं झालं."

"आधी निरोप धाडला व्हता का एकदम दारात उभा राह्यला?"

"आधी जरा जरा दुखायचं…"

"सकाळी उठल्या उठल्या बोलतो का? चार पावलं चाललं की गप बसतो, का आणखी चेकाळतो? तुमी बसला की बसतो? ऊन पाणी आवडतं त्याला का गार? पाऊस येणार असंल तर त्याला आधी कळतं का?"

असा तास तास. पोरं जांभया द्यायची. पण सुटका नव्हती. ते रोग्याचा शब्दन् शब्द त्याच्याच भाषेत उतरवून घेत, आणि 'लई दुखतं' असं कुणी म्हणालं की पेन खाली ठेवत. "लई म्हंजी कसं? लई तर ऊसबी गोड असतो." मग माणूस बिचारा डोकं खाजवून शोधायला लागायचा, आपल्याला नक्की कसं दुखतं. मला वाटतं, आमच्या गावातल्या कितीतरी माणसांनी आपल्या दुखण्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं ते त्या खुर्चीत बसून. घरी कोण विचारतं? घरी 'पाय दुखतो' म्हटलं की 'पळतेस कशाला' एवढंच मिळतं.

चौकशी झाली की परीक्षा. भिंतीला हात न लावता एका पायावर उड्या मारायच्या. मग डॉक्टर खाली मातीत बसत, तुमचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेत आणि अंगठ्यानं हाडाच्या कडेनं वरून खाली दाबत येत. बोटभर की वीतभर, हे इथं ठरायचं. वीतभर असलं की त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा. बोटभर असलं की वही मिटायची. "ही माझ्या हातातली गोष्ट न्हाई. हाडाचा फोटू काढा." गोळ्या देत नसत, थांबवून घेत नसत, आणि 'आधी माझं घेऊन बघा' असं तर मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. गावातल्या किती वैद्यांना आणि भगतांना हे जमतं, ते तुम्हीच आठवून बघा.

त्यांची नजर कुठून आली याचं उत्तर मैदानात होतं. बाजाराच्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी ते बैलांच्या दावणीतून एक फेरी मारत. मी एकदा आमच्या चुलत्यांबरोबर बैल बघायला गेले होते. जोडी झकास होती. व्यापारी बैलाला मऊ मातीवरून चालवून दाखवत होता आणि चुलते खूश होते. तेवढ्यात मागून डॉक्टरांचा आवाज आला, "डांबरावर चालवा." व्यापाऱ्याचं तोंड उतरलं. बैल रस्त्यावर आणला. आम्ही सगळे त्याच्या पायांकडे डोळे फाडून बघतोय, काही दिसेना. डॉक्टर म्हणाले, "पाय नका बघू, मान बघा." आणि दिसलं! पुढचा डावा पाय टेकला की मान किंचित वर जात होती. फार नाही, चार बोटं. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून बैल मान उचलत होता. चुलते म्हणाले, "मायला, आमी आयुष्यभर बैल घेतले, पर हे न्हाई दिसलं." डॉक्टर नुसते हसले. त्या हसण्यात जरा मिजास होती, ती मी तेव्हाही पाहिली होती. बैलाच्या कुठल्याही सौद्यात डॉक्टर काय म्हणतात हे ऐकायला गर्दी जमायची, आणि ती गर्दी त्यांना आवडायची. आता एवढ्या गुणांच्या माणसाला तेवढी हौस असू नये का?

गोळ्यांनी खरंच बरं होतं का, असं मी त्यांना एकदा धीर करून विचारलं होतं. कारण गोळ्यांबरोबर त्यांची पथ्यं असत, डांबर बंद, बूट बदला, इतके आठवडे पळू नका. त्या पथ्यांनीच पाय बरे होत असतील, हे कुणालाही कळलं असतं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "मला बी कधी कधी परश्न पडतो. पर नुसतं 'पळू नका' म्हणून सांगितलं तर कोण ऐकतंय? हातात गोळी असली की माणूस थांबतो." मग म्हणाले, "माझा इस्वास हाय गोळीवर. पर इस्वास म्हंजी पुरावा न्हवं." स्वतःच्या धंद्याबद्दल इतकं सरळ बोलणारा माणूस मला त्यानंतर भेटलेला नाही.

आता त्या बाटल्यांकडे येते, कारण माझी लाज तिथं आहे.

डॉक्टर औषधाचं नाव सांगत नसत. नाव कळलं की माणसं दुकानातून आणून खातात, असं त्यांचं म्हणणं. बाटलीवर नुसता नंबर. पण अ‍ॅकॅडमीतली पोरं काही कमी नव्हती, त्यांनी नंबरांचा अभ्यास केला. तीन नंबरची बाटली मिळाली तर दोन आठवडे पळणं बंद. पाच नंबर मिळाली तर महिनाभर बंद, फक्त सायकल. आणि सात नंबर मिळाली तर पळायला परवानगी! मऊ वाटेवरून, हळू, पण पळायला परवानगी. झालं, सात नंबरला देवत्व आलं. सात नंबर घेतलेली दोन-तीन मुलं भरती झाली, तेव्हा तर ती बाटली खिशात ठेवूनच मैदानात उतरावं इथवर मजल गेली. डॉक्टरांना काय उत्तरं दिली की सात नंबर मिळते, याची यादी मोबाईलवर फिरायला लागली. परीक्षेला गाईड असतं, तसं आम्ही त्या भल्या माणसाच्या प्रश्नांचं गाईड काढलं. दुसऱ्याचं दुखणं पाठ करून आपल्या पायाचं औषध आणायचं, ही अक्कल आमचीच.

माझी मैत्रीण रोहिणी तळेघरची. भीमाशंकरच्या अंगाला डोंगरातलं गाव, भाताची खाचरं आणि नाचणी, एसटी आली तर आली. ती भरतीसाठी बेल्ह्यात खोली घेऊन राहायची. तिची नडगी दुखली तेव्हा तिला सात नंबर खरोखर मिळाली होती, कुठलंही गाईड न वाचता. डॉक्टरांनी 'कसं दुखतं' विचारल्यावर ती म्हणाली होती, "आत कुणीतरी जात्यावर नाचणी भरडतंय असं वाटतं. पहिल्या दोन मुठींना जातं जड जातं, मग फिरायला लागतं." म्हणजे सुरुवातीला दुखायचं, मग मोकळं व्हायचं. तिची नडगी महिनाभरात शांत झाली आणि रोहिणी निवडली गेली.

मी मागं राहिले. वयाच्या अटीत माझी ती शेवटची भरती होती. पुढच्या वाढदिवसाला मी बाद. आईवडिलांनी 'आमची पोरगी पोलीस होणार हाय' म्हणून तीन स्थळं परतवून लावली होती. मैदानी चाचणीला दोन महिने उरले, आणि माझी डावी नडगी दुखायला लागली. कसं दुखत होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी कुणालाही सांगितलं नाही. रोहिणीला फोन केला आणि म्हटलं, "तू डॉक्टरांना काय सांगितलं होतंस ते जसंच्या तसं सांग." तिनं सांगितलं. आम्ही दोघी हसलो सुद्धा.

मी बाजाराचाच दिवस निवडला, गर्दीत लवकर सुटेन म्हणून. नशीब असं, की त्या दिवशी मैदानात एका मोठ्या सौद्यावरून वाद पेटला होता. बैल लंगडतो की नाही, यावर दोन गट पडलेले, शे-दीडशे माणसं गोळा, आणि सगळी डॉक्टरांची वाट बघत थांबलेली. मी खुर्चीत बसले तोवर दोनदा कुणीतरी दारात येऊन गेलं. "डॉक्टर, चला की. तुमच्याबिगर अडलंय."

"आलो," डॉक्टर म्हणाले आणि मला विचारलं, "कसं दुखतं?"

मी घडाघडा म्हटलं, "आत कुणीतरी जात्यावर नाचणी भरडतंय असं वाटतं. पहिल्या दोन मुठींना जातं जड जातं, मग फिरायला लागतं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. बाहेरून पुन्हा हाक आली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, उठले, कपाटातून सात नंबरची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि अनवाणी झपाझप निघून गेले. उड्या नाहीत, अंगठ्यानं दाबणं नाही. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. घरी जाताना मी मैदानाच्या कडेनं गेले तेव्हा गर्दीच्या मधोमध त्यांचं डोकं दिसत होतं, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच.

पुढचे तीन आठवडे मी गोड गोळ्या चघळत पळत राहिले. आधी शेताच्या वाटेनं, मग हळूच डांबरावर. दुखणं वाढत होतं आणि मी स्वतःला म्हणत होते, औषध लागू पडायच्या आधी जरा वाढतंच. एका सकाळी अंथरुणातून उठले, डावा पाय जमिनीला टेकवला आणि ओरडून खाली बसले. आई धावत आली. तिच्या खांद्यावर हात टाकून दवाखान्यापर्यंत जायला मला अर्धा तास लागला, आणि आमच्या घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर होता.

डॉक्टरांनी मला दारातून येताना बघितलं आणि काही विचारलं नाही. खाली बसले, पाय गुडघ्यावर घेतला, अंगठा वरून खाली आणला. एका जागी आला आणि मी किंचाळले. त्यांनी अंगठा काढला नाही, नुसता हलका केला आणि तसेच बसून राहिले.

"बोटभर," म्हणाले. "कवापासनं?"

मी आईकडे बघितलं.

त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं. आईला म्हणाले, "वहिनी, चला. मी येतो संगं." आळेफाट्याला एसटी बदलून आम्ही तिघं मंचरला हाडांच्या दवाखान्यात गेलो. रांगेत दोन तास लागले. बाकड्यावर जागा होती तरी ते उभेच होते, भिंतीला टेकून, अनवाणी. येणारेजाणारे त्यांच्या पायांकडे बघत होते. फोटो निघाला. हाडाला बारीक चीर होती. तिथले डॉक्टर तरुण होते, आमच्या डॉक्टरांच्या मुलाच्या वयाचे. दोन महिने पळायचं नाव नको, म्हणाले. मैदानी चाचणीला महिना उरला होता. आई तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"आत्तापर्यंत काय उपचार केले?" तरुण डॉक्टरांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आमचे डॉक्टर पुढं झाले. "मी होमिओपॅथीचा डॉक्टर हाय," त्यांनी हात जोडून सांगितलं. "हिला तीन आठवडे मी गोळ्या दिल्या आणि पळायला परवानगी दिली. तपासायला पायजे व्हतं, ते तपासलं न्हाई. चूक माझी हाय. तुमी कागदावर लिवा."

तो तरुण डॉक्टर ओशाळला. उठून त्यांना स्वतःची खुर्ची द्यायला लागला. "काका, असू द्या, होतं असं," म्हणाला. हे बसले नाहीत. "न्हाई, लिवा," एवढंच म्हणाले. अख्ख्या पंचक्रोशीत ज्याचा शब्द चाले असा तो माणूस, परक्या गावात, पोरसवदा डॉक्टरासमोर हात जोडून उभा होता. आणि मी, जिच्या एका खोट्यापायी हे सगळं झालं, ती पाय लांब करून टेबलावर बसले होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर खडूनं लिहिलेली पाटी लागली. 'धावणाऱ्यांचे पाय येथे तपासले जाणार नाहीत.' गावभर बातमी झाली. अ‍ॅकॅडमीची पोरं विनवण्या करून आली, त्यांचे सर येऊन गेले. डॉक्टर कुणालाच काही सांगेनात. आणि बाजाराच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे पोरांचं लक्ष गेलं नाही पण व्यापाऱ्यांचं गेलं. डॉक्टर दावणीतून फिरले नाहीत. बोलावलं तरी आले नाहीत. ती पाटी पुढं चार महिन्यांनी उतरली, पोरांचे पाय ते पुन्हा तपासायला लागले, आधी अंगठा आणि मग वही, असा नवा क्रम लावून. आता ते फार थकलेत, लेकीकडे असतात. पण बैलांकडे ते परत कधीच गेले नाहीत.

पाटी लागली त्या दिवसांत माझ्या पायाला हाडांच्या डॉक्टरांनी दिलेला आधाराचा बूट होता, आणि घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. रोहिणीचा ट्रेनिंगमधून फोन आला. तिला पाटीचं कळलं होतं.

"तू सांगितलंस का त्यांना?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मी तुला माझं वाक्य दिलं ते चटणी दिल्यासारखं दिलं गं. म्हटलं, कुणाच्याबी भाकरीबरोबर चालंल. तो माणूस उगाच सोताला दोष देत बसलाय. जा आणि सांग."

मैदानी चाचणीच्या दिवशी सकाळी मी गेले. पुण्याच्या मैदानावर माझा नंबर पुकारला जात असेल त्याच वेळी. त्या दिवशी घरात बसवलं नसतंच, म्हणूनही गेले असेन. डॉक्टर एकटेच होते. मी खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. गाईड, रोहिणी, नाचणी, सगळं. "चूक तुमची नव्हती," म्हटलं. "मी खोटं बोलले. पाटी काढा." आणि रडायला लागले.

ते ऐकत होते. माझं रडणं आवरल्यावर त्यांनी वही काढली, पानं मागं उलटली आणि वही माझ्यासमोर धरली. माझं नाव, तारीख, आणि खाली मी बोललेलं वाक्य, जसंच्या तसं. 'नाचणी' या शब्दाखाली रेघ मारलेली होती आणि शेजारी प्रश्नचिन्ह.

"तुमी बेल्ह्याच्या," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या घरात बाजरी. बेल्ह्याची पोरगी बाजरी भरडंल, नाचणी कशी भरडंल? मला त्याच वक्ताला कळलं, हे वाक्य डोंगरातनं आलंय. उसनं हाय."

"मग… मग गोळ्या का दिल्या?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं. मैदान रिकामं होतं. "भाईर दीडशे माणसं थांबली व्हती. डॉक्टर काय म्हणतोय म्हणून. मला तिकडं जायचं व्हतं." वही खाली ठेवून म्हणाले, "तुमी खोटं बोललात, ती तुमची चूक. तुमी लहान हाय, तुमाला नड व्हती. पर मला खोटं दिसलं आणि तरी मी उठलो. ती माझी. तुमची घेऊन माझी कमी व्हत न्हाई."

मी त्यांचं ओझं उतरवायला म्हणून गेले होते. त्यांच्यापाशी माझ्याकडून उतरवण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी आपल्या चुकीची मापं आपल्या हातानं घेतली होती, एक बोट जास्त नाही की कमी नाही. एवढा सरळ माणूस इतक्या जवळून बघितल्यावर मला खरंच भीती वाटली. त्या खुर्चीतून उठून जावंसं वाटलं.

पण त्यांनी वहीत नवीन पान उघडलं होतं.

"आता तुमचं सांगा," म्हणाले. "तुमचं सोताचं. कसं दुखत व्हतं?"

"एकाच जागी," मी म्हटलं. "खिळा ठोकल्यासारखं. पळायला लागलं की दर पावलाला आणखी आत जायचा. थांबलं तरी निघायचा नाही. झोपेत कूस बदलली तरी जाग यायची."

ते लिहीत होते. "कवापासनं?"

"तुमच्याकडे आले त्याच्याही आधी पंधरा दिवस."

पेन थांबलं. त्यांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "हे त्या दिवशी सांगितलं असतं तर मी तुमाला पळू दिलं नसतं."

"माहीत होतं," मी म्हटलं. "म्हणूनच नाही सांगितलं."

डॉक्टरांनी खाली वाकून तेही लिहून घेतलं.